ऐकू येणं, ऐकणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज वर्गात चालायला लावलं. या वयात इंग्रजी शिकायला जावं आणि नशिबी कवायत यावी!

बाईंची युक्ती अशी – काही क्रियापदं उभी असतात, काही चालती. त्या शब्द सांगणार. उभा शब्द आला की हात सोडून जागच्या जागी थांबायचं, चालता आला की खिडकीपासून दारापर्यंत जायचं. 'नो' – थांबा. 'बिलीव्ह' – थांबा. 'अंडरस्टँड' – थांबा. माहीत असणं, विश्वास असणं, समजणं ही करायची कामं नव्हेत, माणूस त्यात असतो. म्हणून 'आय अ‍ॅम नोइंग' म्हणायचं नाही. मग 'थिंक' आला. अर्धा वर्ग चालू लागला, अर्धा खांबासारखा उभा. बाई म्हणाल्या, दोघंही बरोबर. 'आय थिंक' म्हणजे माझं मत, झालेलं – थांबा. 'आय अ‍ॅम थिंकिंग' म्हणजे डोक्यात दळण चालू, पीठ पडायचंय – चाला.

माझ्या शेजारी बेकरीवाला. रात्रभर पाव भाजून तसाच वर्गात येतो. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "आजोबा, मी झोपेत चालतोय. मला कशात धरणार?"

मी हसलो. मग हसल्याची लाज वाटली.

लेक तिकडे दवाखान्यात पडून आहे. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. पानगळ सुरू होती तेव्हा शिडीवरून डोक्यावर पडला, तेव्हापासून डोळे उघडलेले नाहीत. घशात नळी, नळीला श्वासाचं यंत्र. डॉक्टर म्हणतात, आता यंत्र थांबवावं. सही सुनेची लागते. सून म्हणते, बाबा हो म्हणाल्याशिवाय नाही. आणि मी हो म्हणत नाही.

का म्हणत नाही, ते माझ्या तोंडानं सांगता यावं म्हणून हा वर्ग. सुनेला मराठी येत नाही. मला तिची भाषा येते ती दूध, किल्ली, पाऊस आणि थँक यू एवढी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी त्याच्यापाशी. खोलीत तीन आवाज असतात. यंत्राचा श्वास, बाहेरच्या गाड्यांची चाकं, आणि पलंगाच्या पायथ्याला टांगलेल्या पंपाचा. गादी हवेची आहे. अंगाला फोड येऊ नयेत म्हणून तिचे कप्पे आळीपाळीनं फुगतात नि बसतात. मधूनमधून पंप मोठा सुस्कारा टाकतो. तो संपला की मी कविता सुरू करतो. आवाजात आवाज नको.

कविता तीच. दुसरीच्या पुस्तकातली, नदीची. ती मी म्हणजे नुसती पाठ केलेली नाही, जुळवलेली आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे लावून. छापखान्यात आमच्या पेटीत 'ळ' कमी पडले तेव्हा शेजारच्या कंपोझिटरच्या पेटीतला एक मागून आणून 'तळे' पुरं केलं होतं. पलीकडे पायडलचं यंत्र धडधडायचं आणि आम्ही त्या तालावर ओळी म्हणत खिळे लावायचो. ताल नसला तर हात चुकायचा. कवीचं नाव पानावर नव्हतंच. कोण बिचारा असेल! पण लेक लहान असताना रोज मांडीवर घेऊन म्हटली.

नदीबाई, थांब थोडी, बैस माझ्या काठी.
थांबले तर तळे होईन, नाव उरेल पाठी.

सात कडवी आहेत. प्रत्येकाच्या शेवटी हेच पालुपद. मी सावकाश म्हणतो. आणि शेवटच्या 'पाठी'ला त्याचा डावा अंगठा हलतो.

हलतो. मी पाहिलंय. एकदा नाही, रोज.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हलला.

८ फेब्रुवारी, रविवार

सुनेनं आज जेवताना विचारलं, बाबा, तुम्हाला हे आवडतं ना, मग पानात का टाकलं? एवढं इंग्रजी मला आता कळतं. बोट दाखवून म्हणाली, "हीच गोष्ट. तुम्ही नेहमी कौतुक करायचात. तो सांगायचा मला."

 त्या पदार्थाला मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं ते मला पक्कं आठवतंय. "मीठ महाग झालंय का रे इकडे?" आणि चिरंजीवांनी शेजारी बसून, चेहरा सरळ ठेवून, तिला सांगितलं असणार – बाबा म्हणतात, घरच्यासारखं वाटलं.

किती वर्षं आम्ही दोघं त्याच्या तोंडून एकमेकांशी गोड बोलत होतो कोण जाणे. तीही काही मला इतकं गोड बोललेली नसणार. तिकडचं कडू तोच गिळायचा, इकडचंही तोच.

पान पुसून खाल्लं. थँक यू म्हटलं. आमची ही असती तर म्हणाली असती, चला, लेकाच्या निमित्तानं का होईना, यांना जेवण वाखाणता आलं.

सुनेला मराठीतला एकच शब्द येतो. रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो दारातून ओरडायचा, "येतो!" मी पेपरामागून म्हणायचो, "ये." तिनं ते उचललं. कामावर निघताना तीही म्हणायची, "येतो!" बाईमाणसानं येतो म्हणू नये, येते म्हणावं – मी सांगितलं नाही, त्यानंही नाही. कानाला बरं वाटायचं.

आता दारातून कुणीच काही म्हणत नाही. मी दवाखान्यातून निघताना मात्र त्याला म्हणतो, येतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांची बैठक. उंच डॉक्टर, सून, मी, आणि टेबलावर फोन. फोनमध्ये दुभाषा. त्याचं मराठी असं की वाटलं, सरकारी गॅझेट बोलतंय. "आपल्या चिरंजीवांच्या ठायी संवेदना उरलेली नसल्याचे वैद्यकीय मत आहे." मी म्हटलं, बाबा रे, माझा मुलगा आहे तो, ठायी काय म्हणतोस? तर तो तेही भाषांतर करायला लागला.

सून खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आय अ‍ॅम थिंकिंग." मला एवढंच कळलं. एवढंच पुरलं. तिचं अजून ठरलेलं नव्हतं, ती चालत होती. खिडकीपासून दारापर्यंत, मधे कुठंतरी.

मी फोनकडे पाठ केली. उठलो. तिचा हात धरला – सुनेचा हात मी कधी धरला नव्हता – आणि तिला त्याच्या खोलीत नेलं. "लुक," म्हटलं. पंपाचा सुस्कारा संपेपर्यंत थांबलो आणि सुरू केलं. नदीबाई, थांब थोडी. सातवं कडवं. नाव उरेल पाठी.

हलला.

तिनं तोंडावर हात धरला. मग तो काढून त्याच्या अंगठ्यावर ठेवला. डॉक्टर दारात होते. काहीतरी सौम्य बोलले, ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नो. नो. वुई वेट."

वुई. मी आणि ती. आम्ही थांबतोय.

११ फेब्रुवारी

झोप छान लागली. किती दिवसांनी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी आज 'हिअर' आणि 'लिसन' घेतले. 'हिअर' उभा, 'लिसन' चालता. वर्गात सगळ्यांची भंबेरी. माझी नाही! मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. ऐकू येतं आणि ऐकतो. दिसतं आणि पाहतो. आठवतं आणि आठवून पाहतो. बाई खूष झाल्या. मला फळ्यापाशी बोलावून आमची अक्षरं लिहायला लावली. खडू हातात घेतला आणि किती तरी दिवसांनी मी कोणी तरी होतो.

ही मला रोज म्हणायची, "तुम्हाला ऐकू येतं हो सगळं, तुम्ही ऐकत नाही." तेव्हा ते भांडण होतं. आता त्याचं व्याकरण निघालं.

घरी परतताना डोक्यात आलं, उंच डॉक्टर त्या दिवशी दारात काय म्हणाले असतील? 'हिअर' हा शब्द होता त्यात. त्याच्या कानात आवाज शिरतो, एवढं यंत्रावर दिसतं, असं काहीसं. आणि पुढं 'बट'.

'बट'च्या पुढचं मी ऐकलं नाही. ऐकू आलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सून बदलली आहे. त्याचे कामाचे बूट कपाटातून काढून पुसले, तळ जरा उसवला होता तो चांभाराकडून शिवून आणला. घरी पलंगाच्या त्याच्या बाजूच्या दिव्याचा बल्ब बदलला. आज गुणगुणत होती. मला पाहून थांबली, मग पुन्हा गुणगुणली.

हे मी केलं. म्हातारा काही अगदीच फुकट गेलेला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावं की नाही.

दुपारी कविता म्हणत होतो. चौथ्या कडव्यात घसा बसला. ठसका लागला, थांबतो कुठला. पाण्याचा पेला शोधला, प्यालो, डोळे पुसले. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं म्हणून त्याच्याकडे वळलो. आणि अंगठा हलला.

मी काही म्हणत नव्हतो.

वाटलं, बापाचा ठसका ऐकून हलला असेल. काय काय वाटतं माणसाला. मग मी तोंड मिटून बसलो. पंपानं सुस्कारा टाकला. मी गप्प. कविता मनातही येऊ दिली नाही, समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत राहिलो. त्याच्या दंडाखालचा कप्पा हळूहळू फुगला, कोपर केसभर उचललं गेलं, आणि अंगठा हलला.

पुन्हा थांबलो. पुन्हा सुस्कारा. पुन्हा अंगठा.

मी सुस्काऱ्यापासून कविता सुरू करायचो. गादी त्याच वेळी फुगायला लागायची. दोघांची चाल एक झाली. छापखान्यात हात असाच यंत्राच्या तालावर पडायचा आणि आम्हाला वाटायचं, ताल आमचा आहे. मी इतके दिवस पंपाला कविता म्हणून दाखवत होतो, आणि पंप दाद देत होता.

निघताना म्हटलं, येतो. 

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गाला गेलो नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. सून टेबलाशी बसलेली, समोर कागद. तिच्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. म्हणाली, बसा बाबा, ऐका. आणि वाचू लागली, बोट फिरवत –

"नादीबाय, थाम थोडी..."

फोनवर माझा आवाज भरून घेतला होता तिनं, मला न कळत. त्यावरून उतरवून काढली, सातही कडवी. म्हणाली, तुम्ही दुपारी म्हणता, मी सकाळी म्हणेन. म्हणजे त्याला दोनदा मिळेल.

तिला 'ळ' येत नाही. "तले होईन." मी काय करावं? गुरुजी झालो. जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडा. ळ. तिनं जीभ वळवली, घशातून बेडूक निघाला. ती हसली. मला हसायला लावलं. तासभर मी तिला ती कविता शिकवली. प्रत्येक शब्द शिकवताना मला माहीत होतं.

'नो' – उभा शब्द. हात सोडून जागच्या जागी. बाई, यात उभं राहवत नाही हो.

२२ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं तर काय होईल? ती बूट पुसत राहील. तो तसाच राहील. मी आहे तोवर दुपारी, ती सकाळी. थांबले तर तळे होईन.

सुखी तळं. वर शेवाळ.

त्याचा चेहरा आज नीट पाहिला. इतके दिवस अंगठाच पाहत होतो. गालफडं बसली आहेत. नळीच्या कडेनं कातडी लाल झाली आहे. हसरी नर्स नळीतला कफ ओढते तेव्हा त्याचं सगळं अंग ताठतं. ती त्याला दर वेळी सॉरी म्हणते. ते सुरू झालं की मी बाहेर जायचो. आज थांबलो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग सुटल्यावर बाईंपाशी थांबलो. म्हटलं, एक वाक्य करून द्या. माझी समजूत होती, ती चुकली, आणि दुसऱ्या कोणाची समजूत मी करून दिली, असं कसं म्हणायचं?

बाईंनी काय झालं ते विचारलं नाही. फळा पुसायचं सोडून शेजारच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, आधी तुमच्या भाषेत सांगा कसं म्हणाल.

मी सांगितलं – मला तसं वाटलं.

त्यांनी शब्दशः अर्थ विचारला. मी हातानं दाखवला. वाटणं बाहेरून येतं, मला होतं. आमच्यात सगळं असंच – मला आठवतं, मला आवडतं, मला राग येतो. पाहुण्यासारखं दारात येऊन उभं. आपण नुसते घरमालक.

बाई म्हणाल्या, इंग्रजीत दार नाही. 'आय'नं सुरू करावं लागेल.

आय बिलीव्ड. मी ते वहीत लिहिलं नाही. घरापर्यंत पुटपुटत आलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

ती कामावरून आली, कोट काढत होती. मी उभाच राहिलो, हात सोडून. "आय बिलीव्ड," म्हटलं. "थंब. आय बिलीव्ड, ही लिसन्स." पुढचं घोटून ठेवलेलं सगळं उडालं. हातानं गादी फुगवून दाखवली. कोपर उचललेलं दाखवलं. पंपाचा सुस्कारा काढून दाखवला – केवढं विदूषकासारखं दिसलं असेल. "आय सेड नथिंग. थंब मूव्ह्ज. इट इज द बेड."

तिला पहिल्या गादीतच कळलं होतं. मी तरी शेवटपर्यंत करत राहिलो.

मग ती बोलली. खूप, भराभर. मला तुकडे कळले. का सांगितलंत. का दाखवलंत. मी तयार झाले होते त्या दिवशी, तुम्ही हात धरलात. तुम्ही हात धरलात, हे तीन वेळा. इतकं कडू ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि मधे गोड करणारा कोणी नव्हता. ऐकू येत होतं. ऐकलं. सगळं.

कोट परत घालून बाहेर गेली. जेवण झाकून ठेवलं. आली, न जेवता खोलीत गेली.

२६ फेब्रुवारी

घरात दोन माणसं आणि भांड्यांचे आवाज.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मी त्याच्यापाशी बसलो होतो, ती आली. माझ्याकडे पाहिलं नाही. हसऱ्या नर्सला काहीतरी विचारलं. नर्सनं दोघांकडे पाहिलं, पायथ्याशी वाकली आणि पंपाचं बटण दाबलं. थोडा वेळ चालेल, म्हणाली, आणि दार लावून गेली.

खोलीतला एक आवाज कमी झाला.

सून म्हणाली, "प्लीज."

मी म्हटली. सातही कडवी. कुठून सुरू करायचं तेच कळेना, सुस्कारा नव्हता. दोनदा अडखळलो. नाव उरेल पाठी.

आम्ही अंगठ्याकडे पाहत होतो. खूप वेळ.

"अगेन."

पुन्हा म्हटली.

तिसऱ्यांदा तिनं स्वतः म्हटली, त्याच्या कानाशी, कागदाशिवाय. एवढ्याशा दिवसांत पाठ केली होती. सातव्या कडव्यात – थांबले तर तळे होईन. 'ळ' आला. स्वच्छ, छापखान्यात मागून आणलेल्या त्या खिळ्यासारखा ठसठशीत. तिला कळलं आला ते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

अंगठा होता तिथंच होता.

तिनं त्याची चादर सरळ केली. मी पायथ्याशी वाकून बटण दाबलं. पंपानं सुस्कारा टाकला आणि थोड्या वेळानं त्याचा अंगठा हलला. दोघांनी पाहिला. 

१ मार्च, रविवार

सकाळी तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. साखर घालून. इतके दिवस साखर मी चोरून घालत होतो. मुलानं सांगितलेलं असणार, बाबांना बिनसाखरेचा आवडतो – डॉक्टरांचा सल्ला असा गोड करून.

मग बसली आणि विचारलं, "बाबा, व्हॉट डू यू थिंक?"

थिंकिंग नाही. थिंक.

मी पेला खाली ठेवला. खुर्ची सरकवून उठलो. उभं राहून सांगायला हवं होतं. खिडकीपासून दारापर्यंत बरंच चालून झालं होतं माझं.

"आय थिंक," म्हटलं, "ही इज टायर्ड. आय थिंक, यस."

ती उठली नाही. माझ्या सदऱ्याची बाही धरून बसली, लहान पोर धरतं तशी. चहा गार झाला.

३ मार्च, मंगळवार

वर्गाला गेलो नाही. दुपारी यंत्र थांबवलं. दोघं दोन बाजूंना होतो. फार वेळ लागला नाही.

निघताना मला नेहमीचा शब्द म्हणता येईना. दारापाशी ती थांबली. त्याच्या वतीनं तिनंच म्हटला – येतो.

मी म्हटलं, ये.